सासूबाईंच्या ‘इरकली’ बायका

परभणीच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवायला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. जगातल्या सगळ्या बायकांची काळजी माझ्यावर सोपवलेली आहे, अशी माझी समजूत होती. घरात मात्र वरणात मीठ किती घालायचं, हे सासूबाई ठरवत.

त्या सुमारास ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात मला इरोक्वा बायका भेटल्या. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी. त्यांच्यात घर बाईचं, शेत बाईचं, मुलं आईच्या कुळाची. लग्नानंतर नवरा बायकोकडे राहायला यायचा आणि पटलं नाही तर ती त्याचं गाठोडं दाराबाहेर ठेवायची. मुखिया पुरुषच, पण त्याला निवडायच्या कुळातल्या वडीलधाऱ्या बायका. नीट वागला नाही तर त्याच त्याला खाली उतरवायच्या. शेजारच्या गोऱ्या बायकांना त्या काळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, लग्न झाल्यावर स्वतःच्या मुलांवरही हक्क नसे. त्यांनी शेजारणींचं हे जगणं जवळून पाहिलं. पुढे हक्क मागायला उठलेल्यांपैकी काहीजणींनी कबूलही केलं, की असं जगता येतं हे आम्हाला त्यांच्याकडे पाहून कळलं.

मी हरखून गेले. आणि हरखले की मी व्याख्यान देते.

सराव स्वयंपाकघरात चालायचा. ज्वारी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं, “ह्या इरकली बायका कुठल्या म्हणायच्या?”

“इरकली नाही हो, इरोक्वा.”

“तेच की.”

सेलू तालुक्यातल्या एका गावच्या महिला मंडळानं बोलावणं धाडलं. ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, एसटी कधी बंद होईल याचा नेम नसे. “एकटी कशी जातीस? मी येते,” सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानं परवानगी दिली. ती मी मागितली होती, हेही इथं सांगून टाकते.

शाळेच्या वर्गात तीसेक बायका जमल्या होत्या. बऱ्याचजणी ऊसतोडीवरून नुकत्याच परतलेल्या. मी ‘मातृसत्ताक’, ‘राजकीय सहभाग’ असे शब्द वापरत तासभर बोलले. सगळ्या इतक्या शांत होत्या की मला तो आदर वाटला. पुढची एक तर बसल्या बसल्या झोपली होती.

शेवटी चाळिशीची एक बाई उठली. मंडळाचं सगळं तीच पाहायची.

“म्याडम, त्या गोऱ्या बायका शिकलेल्या व्हत्या का?”

“हो, चांगल्या शिकलेल्या.”

“आन् ह्या इरकली?” हे नाव सासूबाईंनी भाषणाआधीच वर्गभर पसरवलं होतं.

“त्यातल्या बऱ्याचजणी शाळेत गेल्या नसतील.”

“मंजे शिकलेल्या बायका अडाण्यांकडून शिकल्या.”

“अगदी बरोबर!” मला वाटलं, व्याख्यान पोचलं.

“मग तुमी आमाला कामून शिकवायलात? आमाला कायतरी इचारा की.”

वर्ग खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्यानं सासूबाई. मी तेव्हा खरंच काही विचारायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि “वेळेअभावी” म्हणून आभार मानले.

पंधरा दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर त्या गावच्या सरपंचाची तक्रार होती. गावचा हापसा सरपंचाच्या गोठ्याशेजारी, त्याच्याच कुंपणात बसवलेला. त्याच्या जनावरांचं पाणी झाल्यावर बाकीच्यांची पाळी. ती बाई वीसेक जणींना घेऊन त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, “तुला मतं देऊन आमी बशिवलं, आमीच उतरवू. परभणीच्या म्याडम सांगून गेल्यात.”

“तुम्ही असं बोललात?” प्राचार्यांनी विचारलं.

“नाही सर. मी फक्त अमेरिकेविषयी बोलले.”

एवढ्यावर न थांबता मी लिहूनही दिलं, की माझ्या भाषणाचा स्थानिक परिस्थितीशी काहीही संबंध नव्हता. अक्षर सुरेख आलं होतं.

घरी येऊन हे सगळं सांगितलं ते चार दिलाशाचे शब्द मिळतील म्हणून. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

“खोटं लिवून दिलंस?”

“खोटं कसं? मी नाव कुणाचंच...”

“बायका मुखियाला खाली उतरवत्यात, हे तूच सांगितलंस. मी तिथंच बसले व्हते. त्या ऐकून उठल्या आन् सांगणारी बसली खाली.”

रविवारी सासूबाई त्या गावाला जायला निघाल्या. या वेळी सोबत म्हणून मी गेले.

त्या बाईच्या ओसरीवर बसून मी लिहून दिल्याचं सांगितलं. ती चिडेल, निदान तोंड फिरवील असं वाटलं होतं. तिनं चहा पुढं केला. “बरं केलंत. नोकरी न्हाई का करायची तुमाला?” तिनं असं सहज माफ केल्यावर मला लयच लाज वाटली. मग मी विचारलं, “हापशाचं पुढं काय झालं?”

ती सांगत गेली. सरपंचानं धुडकावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्याजणी घागरी घेऊन त्याच्या गोठ्यापुढं बसल्या. जनावरं बाहेर निघेनात. दुपारपर्यंत तो शिव्या देत होता. मग आतून त्याची म्हातारी आई बाहेर आली, एक घागर पालथी घालून तीवर बसली आणि लेकाला म्हणाली, “रस्त्याकडचं कुंपण काड. मंग मी उठते.” संध्याकाळच्या आत कुंपणाच्या काट्या निघाल्या आणि हापसा सगळ्यांना मोकळा झाला.

“तिला काय बोलून तयार केलं?” मी विचारलं.

“काय बी न्हाई. तिची सून रोज आमच्याशीच बोलती.”

मी दुपारभर प्रश्न विचारत राहिले. त्या बायका पाळ्या कशा लावतात, कुणाला आधी पाठवतात, भांडण कोण मिटवतं. यातलं माझ्या टिपणांत काहीच नव्हतं.

परतल्यावर प्राचार्यांना दुसरं पत्र दिलं: मी ते बोलले होते, आणि मागचं पत्र भीतीनं लिहिलं होतं. मग नोकरी जाणार म्हणून आठवडाभर धड जेवले नाही. शेवटी धीर करून त्यांच्या खोलीत गेले.

“सर, माझ्या पत्राचं काय झालं?”

त्यांनी चष्मा वर केला. “कोणतं पत्र? मी तर तुमचं एकही वाचलेलं नाही.”