अर्ध्या वाटेवरची भाऊबीज

त्या दिवाळीत मला सातवा महिना चालू होता, आणि आमच्या घरात बाळाचा विषय काढायला बंदी होती.

बंदी सासूबाईंची. तोंडानं त्या तसं कधी म्हणाल्या नाहीत. पण शेजारच्या कुणी माझ्या पोटाकडं बघून "आता काय, घरात पाळणा हलणार" असं म्हटलं की त्या मधेच "भाजणी दळून आणली का गं तुमची?" असं काहीतरी विचारायच्या आणि बोलणं चकल्यांकडं वळवायच्या. बाळासाठी टोपडं नाही, झबलं नाही. मला कामाला हात लावू द्यायच्या नाहीत, पण मला कशामुळं जपतायत तेही बोलायच्या नाहीत. वडगावच्या आमच्या घराच्या ओट्यावर एक खुर्ची टाकलेली, तिच्यात मी बसून असायची. करंज्यांच्या कडा कातरते म्हटलं तर कातणंही हातातून काढून घेतलं त्यांनी.

त्याला कारण होतं. आदल्या वर्षीच्या दिवाळीतही मला दिवस गेले होते. तिसरा महिना संपत आलेला. भाऊबीजेला इंदापूरला माहेरी गेले, दोन दिवस राहिले, परत आले आणि दुसऱ्याच दिवशी अंगावरून जायला लागलं. बारामतीला दवाखान्यात नेलं, पण काही उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला, माझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून नीट समजावलं, "प्रवासानं असं होत नाही. त्या बाळाची वाढच नीट होत नव्हती." सासूबाईंनी मान हलवली. घरी आल्यावर मात्र मी आतल्या खोलीत पडलेली असताना त्या माझ्या थोरल्या जाऊबाईंना म्हणाल्या, "त्या रस्त्यानं खाल्लं माझ्या घरचं."

त्यानंतर त्या बाळाबद्दल घरात कुणी बोललं नाही. मीही नाही. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला आम्ही सांगितलं की आईच्या पोटात दुखत होतं.

आणि आता पुन्हा दिवाळी. पुण्याहून थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलं आलेली. अंगणात पोरांचा किल्ला, चुलीवर मोठी कढई, दारात रांगोळी, सगळं दरवर्षीसारखं. फक्त माझ्याभोवती सगळे पावलं न वाजवता चालत होते. पहिल्या आंघोळीला जाऊबाईंनी मला उटणं लावलं तेव्हा पोटाजवळ आल्यावर त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी पुढचं माझं मला लावायला सांगितलं. रागवावं असं त्यात काही नव्हतं. पण न्हाणीघरात एकटी बसून मी पोटावर उटणं चोळलं आणि आतल्या जिवाला हळूच म्हटलं, "आहेस ना रे?"

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, कधी येतेस?"

मी उत्तर द्यायच्या आधीच सासूबाईंनी ओट्यावरून ऐकलं. "यंदा इंदापूर न्हाय. भावाला म्हणावं, तूच ये हिकडं."

भाऊ आला असता. पण मला भावाइतकंच माझ्या वडिलांना बघायचं होतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर मी त्यांना फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. पाय वाकवून फार वेळ बसता येत नव्हतं, त्यामुळं इंदापूरहून वडगावपर्यंतचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता. आणि त्यांना सोडून आई हलणार नव्हती. मी फोनवर "बघू" म्हटलं आणि ठेवून दिला.

पाडव्याच्या सकाळी माझ्या ताटात सगळा फराळ होता आणि माझ्यानं एक घास जात नव्हता. तेलाचा वास नकोसा झालेला. सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "का खात न्हाईस?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि मला रडू फुटलं. ते इतकं अचानक आलं की माझं मलाच नवल वाटलं. नवरा उठून उभा राहिला. मुलीनं हातातलं फुलबाज्यांचं पाकीट खाली ठेवलं.

जाऊबाईंनी पदराला हात पुसले आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आत्या, मी सांगते. तिला मासा खायचाय."

खरं तर आदल्या दिवशी त्यांनी मला एकटीला गाठून विचारलं होतं, खरं सांग, काय खावंसं वाटतं? आणि मी खरं ते सांगितलं होतं. पण ते सासूबाईंपुढं बोलायचं धाडस मला या जन्मात झालं नसतं. त्या माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

"मासा?" सासूबाई म्हणाल्या. "पाडव्याला?"

त्यांनी गळ्यातल्या माळेला बोट लावलं, माझ्याकडं पाहिलं आणि मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या माझ्या पोटाकडं सरळ बघत बोलल्या. "पोटातल्यानं मागितल्यावर न्हाय कसं म्हणायचं? कुठं मिळतो चांगला?"

"भिगवणला," नवरा आणि दीर एकदमच म्हणाले. आमच्या भागात या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. उजनीचं पाणी भिगवणपर्यंत पसरलंय, तिथला मासा ताजा.

"आणि भिगवण म्हणजे," जाऊबाई कढईकडं बघत म्हणाल्या, "इंदापूरच्या अर्ध्या वाटेवरच की. तिचा भाऊ, वडील तितवर येतील. भाऊबीजही होईल उद्या."

सासूबाईंना डाव कळला. त्यांनी मोठ्या सुनेकडं बघितलं. मला वाटलं आता काहीतरी लागट बोलतील. पण त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "डॉक्टरणीला फोन लाव. त्या व्हय म्हणल्या तर जायचं. आन् मी संगं येणार."

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पुढं नवरा आणि मुलगी, मागं मी आणि सासूबाई. माझ्या पाठीला त्यांनी दोन उशा लावल्या होत्या, त्यांच्या मांडीवर स्वतःचा भाकरीचा डबा. कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर पुढं आले की नवऱ्याला ओव्हरटेक करू देत नव्हत्या. "आपल्याला काय साखर करायचीय का? जाऊ दे त्याला." गतिरोधक आला की त्यांचा हात आपोआप माझ्या पोटासमोर यायचा, पण टेकायचा नाही. वीतभर अंतरावर तसाच धरून ठेवायच्या आणि गाडी सपाटीला लागली की मागं घ्यायच्या. बारामती मागं पडल्यावर तो हात धरून मी माझ्या पोटावर ठेवावा असं मला कितीदा वाटलं. नाही ठेवला.

हायवेच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेलं ते हॉटेल. मागं लांबवर पाणी चकाकत होतं. आई आणि भावासोबत वडील आधीच येऊन बसले होते, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ते आणि समोरच्या खुर्चीवर त्यांचा ताठ पाय. मला बघून उठायला लागले तशी मीच घाईनं गेले.

"पळू नको गं!" तीन बायकांचे आवाज एकदम आले. तिसरा आवाज माझ्या मुलीचा होता.

वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते बारीक झाले होते. "बरी हायस ना?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही?" ते म्हणाले, "मी काय, नवीन पार्ट टाकलाय, रनिंगमधी हाय." सासूबाई पुढं झाल्या. "काय पाव्हणं, गुडघा काय म्हणतोय?" आणि आईला म्हणाल्या, "इहीणबाई, आदी ओवाळून घेऊ, मग तुमचं ते काय ते जेवण."

आईनं घरून ताट आणलं होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. पण हायवेवरून एकेक ट्रक जायचा आणि वात विझायची. दोनदा लावली, दोनदा विझली. सासूबाईंचा चेहरा उतरत चालला, ते मला दिसत होतं. तेवढ्यात गल्ल्यावरून हॉटेलचे मालक उठले, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. आत ओरडले, "पंखा बंद करा रे! दिवा लावायलेत लोक." मग आमच्याकडं येऊन म्हणाले, "ताई, भावाला हिकडं भिंतीकडं बसवा. हितं वारं लागत न्हाय." दाराशी उभा असलेला थाळीच्या दरांचा मोठा फलक त्यांनी स्वतः ओढत आणला आणि आडोशाला लावला. पलीकडच्या टेबलावर एक ड्रायव्हर मोबाइलवर मोठ्यानं काहीतरी बघत होता, त्यानं आवाज बंद केला. मच्छी फ्रायच्या दरांना पाठ लावून बसलेल्या माझ्या भावाला मी ओवाळलं. त्याला हसू आवरत नव्हतं, मलाही. वात शेवटपर्यंत तेवत राहिली.

मग ताटं आली. तळलेली चिलापी, रस्सा, ज्वारीची भाकरी. सासूबाईंनी आपली खुर्ची उचलून रस्त्याकडं तोंड करून मांडली, डबा उघडला आणि म्हणाल्या, "तुमी खावा निवांत. मी गाड्या बघते." मी खाल्लं. किती महिन्यांनी तोंडाला चव आली होती ते मी सांगू शकत नाही. आई काटे काढून मुलीच्या ताटात तुकडे ठेवत होती.

आणि मुलीनं विचारलं. अगदी सहज, घास चावता चावता. "आजी, गेल्या वर्षी पण आई मामाला ओवाळायला गेली होती, आणि मग बाळ गेलं. आता हे पण जाणार का?"

आईचा हात ताटातच राहिला. आम्ही तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिनं कुठल्या दाराआडून ऐकलं होतं आणि वर्षभर ते एकटीनं कसं बाळगलं होतं, देव जाणे. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

रस्त्याकडं तोंड केलेली खुर्ची वळली. सासूबाईंनी माशांच्या ताटांकडं बघितलंही नाही. नातीला ओढून मांडीवर घेतलं, खरकट्या हातांसकट.

"ते बाळ कच्चं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "आंब्याला मोहर येतो, सगळ्याचाच आंबा व्हतो का? तसं ते ऱ्हायलं न्हाय. कुणी काय केलं म्हणून गेलं न्हाय. तुझ्या आईनं न्हाय, मामानं न्हाय." मग माझ्याकडं बघितलं. "रस्त्यानं बी न्हाय."

"मग हे?"

"ह्याचं मला काय ठावं? मी काय देव हाय? पर आज हाय. आज तर मासा खातंय तुझ्यासंगं. हात लावून बघ."

मुलीनं माझ्या आईच्या पदराला हात पुसले आणि माझ्या पोटावर ठेवले. बाळाला रस्सा बहुतेक तिखट लागला असावा, नाहीतर तिच्या हाताचा गारवा. त्यानं जोरात लाथ मारली. मुलगी किंचाळली, "आजी, मारलं! मला मारलं!"

"बघू," म्हणून सासूबाईंनी हात पुढं केला. तो वीतभर अंतरावर थांबेल असं मला वाटलं. थांबला नाही. त्यांचा राकट, गरम तळवा माझ्या पोटावर सपाट टेकला, आणि आतून पुन्हा एकदा धडक बसली.

"आगं, हे तर भांडखोर हाय!" त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. आई तर केव्हाची रडत होती. वडील म्हणाले, "भांडखोर म्हणजे आमच्याकडचं न्हाय, इहीणबाई, तुमच्या वडगावचं." तेव्हा कुठं नवऱ्यानं मान वर केली.

त्या दिवशी आम्ही गेलेल्या बाळाबद्दल बोललो. जेवणं झाल्यावर, चहा घेत, उघडपणे. आईनं विचारलं, तेव्हा फार दुखलं का गं? मी म्हटलं, दुखलं. नंतरही दुखत होतं. सासूबाई म्हणाल्या, "मी विचारायला पायजे व्हतं. माझ्यानं विचारवलं न्हाय." एवढं झालं. पण येताना गाडीत मी दोन्ही उशा काढून टाकल्या आणि सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली जुनी सुती लुगडी काढली, अंगणात पसरली आणि मला हाक मारली, "ये, टाके घाल. बाळाला गोधडी नको का?" मी आणि जाऊबाई दोन बाजूंनी बसलो. येणाऱ्याजाणाऱ्याला सासूबाई आपणहून सांगत होत्या, "सातवा हाय. जानेवारीत व्हईल."

भीती गेली असं मात्र नाही. शेवटच्या महिन्यात तर बाळ जरा वेळ हललं नाही की मी मुलीला हाक मारायची आणि आम्ही दोघी पोटावर हात ठेवून बसून राहायचो. पण आता ती भीती मी कुणाला तरी सांगू शकत होते.

संक्रांत झाली आणि चार दिवसांनी बारामतीच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. भल्या सकाळी, रडण्याचा आवाज असा खणखणीत की नर्स म्हणाली, "ही भाषण करणार." इंदापूरहून आई आली होती, वडगावहून सासूबाई. दोघींचं नाकावरून सुरू झालं, एक म्हणे आमचं, एक म्हणे आमचं. थोरलीला तिच्या बापानं आणलं तेव्हा ती दारातच थबकली. मग चवड्यांवर येत पाळण्याशी गेली आणि एका बोटानं बहिणीची मूठ उघडून बघितली. आतमध्ये काही आहे का, हे तपासावं तशी.

तेवढ्यात बाळाला शिंक आली. एवढीशी, पण सगळी खोली दचकली. एक आजी खिडकी लावायला धावली, दुसरी दुपटं वर ओढायला.

"आई, ही शिंकते पण!" थोरली माझ्याकडं बघून म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला हसू आलं. हसताना टाके दुखले. आणि मला सपाटून भूक लागली होती.