गाडी नावावर करण्याचा अर्ज

आमच्या डोंगरातल्या गावात किनुए ओरिहारांचं केस कापायचं दुकान आहे. तीन पिढ्यांची डोकी त्यांच्या हाताखालून गेली. माझं आता गुळगुळीत झालं, तरी मी महिन्याला जातोच. या बाईंनी जन्मात खरी गाडी चालवली नाही. पण दुकानामागच्या खोलीत, टीव्हीपुढे गुडघे दुमडून बसून, शर्यतीच्या खेळात त्यांनी जे रस्ते तुडवले त्यांची मोजदाद माझ्याच्याने होणार नाही.

पहिला खेळ घरी आला तेव्हा त्या चाळिशीत होत्या. त्या काळी खेळातसुद्धा गाडी सहज मिळत नसे. आधी परवाने मिळवायचे, कांस्याचे, चांदीचे, सोन्याचे. ब्रेक कुठे दाबायचा, या एका परीक्षेत त्या चौतीस वेळा नापास झाल्या. मग शर्यतीत शेवटून दुसऱ्या येत येत एक जुनी, पांढरी, दमेकरी इंजिनाची गाडी घेतली. एकेक भाग बदलत तिला वर नेलं. ती गाडी दोन बोटांच्या मेमरी कार्डात राहायची. कार्ड खिशात, म्हणजे गाडी खिशात.

पुढे नवे खेळ आले. गाडी आता कार्डात नाही, दूर टोकियोत कंपनीच्या यंत्रात. पहिल्याच दिवशी नव्या खेळाने सात झगमगीत गाड्या ओंजळीत टाकल्या.

"नशीब उघडलं की, किनुए-सान," मी म्हणालो.

"न कमावलेली गाडी अनोळखी पाहुण्यासारखी," माझ्या मानेवर वस्तरा फिरवत त्या म्हणाल्या. "बसाही म्हणता येत नाही, उठाही म्हणता येत नाही. हलू नका, कान जाईल."

सातही गाड्यांना हात न लावता त्यांनी तळापासून सुरुवात केली. पुन्हा एक जुनी पांढरी गाडी घेतली. नऊ वर्षं तीच चालवली.

यंदा जानेवारीत खेळात पाटी झळकली: एकतीस मार्चला दुपारी तीन वाजता सेवा बंद होईल, त्यानंतर गाड्या दिसणार नाहीत.

दुसरं कुणी हळहळून गप्प बसलं असतं. किनुए-सान दुकानाला कुलूप लावून गावच्या कचेरीत गेल्या आणि सहीऐवजी उमटवायच्या आपल्या नोंदवलेल्या शिक्क्याचा दाखला मागितला. आमच्याकडे गाडी नावावर करायची तर तो लागतोच. तिथला कारकून तादोकोरो माझा मावसभाऊ, त्यानेच मला सांगितलं.

"या वयात गाडी, काकू?" त्याने विचारलं. "परवाना तरी आहे का?"

"सगळे आहेत. सोन्याचे."

गाडी उभी करायला जागा आहे, याचा नकाशाही द्यावा लागतो. तो त्यांनी पट्टीने काढला. दुकान, मागची खोली, टीव्ही, आणि टीव्हीखाली अर्ध्या चटईएवढी जागा, लांबी-रुंदीसकट. सोबत खेळाच्या कंपनीला अर्ज: नऊ वर्षं चालवलेली माझी गाडी माझ्या नावावर करून घरी पाठवावी.

"मावेल का तिथे?" मी हसत विचारलं.

"मोजलंय," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

मार्चच्या मध्यावर उत्तर आलं, हाताने लिहिलेलं. त्यांनी ते मलाच वाचायला लावलं. कंपनीतल्या कुणा बाईने फार अदबीने लिहिलं होतं की कागदपत्रांत काहीच उणं नाही, पण गाडी तुमची कधी नव्हतीच. चालवायची परवानगी होती, तेवढीच. नियमांत पहिल्या दिवसापासून तसं लिहिलेलं आहे, क्षमा असावी. खाली त्या गाडीची नोंद होती: दोन लाख अकरा हजार किलोमीटर. पृथ्वीला पाच प्रदक्षिणा घालून वर उरतं एवढं. मी तो आकडा दोनदा वाचला, आवाज बारीक करून.

किनुए-सान जमिनीवर पडलेले केस झाडत राहिल्या. ते सुपलीत भरून म्हणाल्या, "म्हणजे भाड्याची होती. आधी सांगायचं ना."

एकतीस मार्चला जेवण उरकून मी गेलो, तर बाई गाडी धुवत होत्या, त्या खेळातच. मग तेल बदललं, चारही टायर नवे घातले. पावणेतीनला त्यांनी गाडी शर्यतीच्या रस्त्यालगतच्या थांब्यात आणली आणि पेट्रोल भरायला लावलं.

"आता कोण चालवणार आहे तिला?" मी म्हणालो.

"भाड्याची गाडी टाकी भरून परत करायची असते, ओगिनो-सान. एवढंही ठाऊक नाही?"

काटा हळूहळू चढत टोकाला टेकला. त्यांनी इंजिन बंद केलं, हात मांडीवर ठेवले आणि टीव्हीपुढे कपाळ चटईला लागेस्तोवर वाकल्या. तीन वाजले, पडदा काळा झाला. माझी पाठ कधी वाकली, ते मला कळलंही नाही.