मराठीचं अर्धं कपाट

लग्न होऊन सांगलीहून चेन्नईला आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. पण सासर तंजावरकडच्या मराठी माणसांचं, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेलं. घरात मराठी असणार म्हटल्यावर काळजी कसली, असं आईला वाटलं आणि मलाही. प्रत्यक्षात नवरा निम्मं इंग्रजीत बोलायचा. आणि सासरे, ज्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात, ते बोलायचे ‘मी जेवलों’, ‘तूं कोठें गेली होतीस, मा?’ पोथीतून उठून आल्यासारखं, शेवटाला तमिळ लाडाचं ‘मा’, आणि मध्येच अर्धं वाक्यही तमिळ. मी ‘हो हो’ म्हणायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन विचार करायचे, की बाई गं, आत्ता आपण नेमकं कशाला हो म्हटलं?

त्या दिवसांत मी वेडी झाले नाही ती घराजवळच्या सरकारी ग्रंथालयामुळे. नुंगंबाक्कमच्या दुकानांच्या गर्दीत ते पटकन दिसतही नाही. अशा शाखा जिल्हाभर आहेत आणि मुख्य ग्रंथालयातून त्यांना पुस्तकं वाटली जातात. सकाळी पेन्शनर मंडळी पेपर धरून बसलेली, दिवसभर सरकारी परीक्षांचा अभ्यास करणारी पोरंपोरी, शनिवारी जमिनीवर मांडी घालून चित्रांची पुस्तकं बघणारी चिल्लीपिल्ली. मागच्या भिंतीला तेलुगू, मल्याळम, उर्दूची कपाटं आणि शेवटच्या कपाटाचा खालचा अर्धा भाग मराठीचा. तो दिसला तेव्हा मी साडीची पर्वा न करता तिथंच फरशीवर बसले आणि वाचत सुटले.

तिथल्या ग्रंथपालबाई प्रेमळ, पण स्पष्ट बोलणाऱ्या. मोडक्या इंग्रजीत त्यांनी मला समजावलं, की जे पुस्तक कुणी नेत नाही ते मुख्य ग्रंथालयात परत जातं. परीक्षेच्या पुस्तकांना जागा पुरत नाही, पोरं जिन्यात बसून वाचतात. मोठे साहेब तपासणीला आले की या अर्ध्या कपाटाचं काय ते ठरेल. या एवढ्या मोठ्या शहरात माझं असं तेवढंच होतं. बाई म्हणाल्या, “एक म्हातारे गृहस्थ नेतात अधूनमधून, म्हणून अजून टिकलंय.” आणि त्यांनी पेपरच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथं आमचे अप्पा बसले होते!

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! घरात वाचणारं माणूस आहे आणि मला पत्ताच नाही. त्याच संध्याकाळी मी त्यांच्यासमोर कॉफीचा टंबलर ठेवला आणि विचारलं, “अप्पा, तुम्हाला कुठलं पुस्तक आवडलं?”

“अस्कीं चांगलीं आहेत,” ते म्हणाले. अस्कीं म्हणजे सगळी. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मग माझ्या डोक्याचा जो भुगा सुरू झाला तो झालाच. अप्पा दर खेपेला तीन पुस्तकं आणायचे. एकदा मधमाशीपालन, संधिवातावरचे उपाय आणि एक रहस्यकथा. पुढच्या खेपेला संतांची चरित्रं, लोणची-मुरंबे आणि शेतकी पंपाची दुरुस्ती. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कसला शेतकी पंप? पुस्तकं त्यांच्या खोलीतल्या खिडकीपाशी नीट रचून ठेवलेली असायची आणि मुदत आली की तशीच परत जायची. मी रहस्यकथा आधी वाचून मुद्दाम विचारलं, “खुनी कोण ते ओळखलंत का?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच तो खून केलाय.

मला वाईट वाटायला लागलं. वाटलं, ही जुन्या वळणाची माणसं, माझी सांगलीची मराठी यांना गावंढळ वाटत असणार. म्हणून बोलत नाहीत. बरं, नसेल बोलायचं तर नका बोलू, मलाही काही अडलेलं नाही!

आणि एके दिवशी त्यांनी आणलं गरोदरपणात घ्यायच्या काळजीचं पुस्तक. लग्नाला वर्ष होत आलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक काखोटीला मारून मी आत गेले आणि नवऱ्यासमोर आपटलं. “हे काय आहे? सरळ तोंडानं सांगता येत नाही का त्यांना, नातवंड हवंय म्हणून?”

नवरा पुस्तकाकडे बघत राहिला. “यात काय लिहिलंय?” त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो पोट धरधरून हसला. “अगं, अप्पांना ही अक्षरं कुठं येतात? आमच्याकडे कुणालाच येत नाहीत. आम्ही मराठी लिहितो ती तमिळ अक्षरांत. तुला माहीत नव्हतं?”

“मग ही पुस्तकं कुणासाठी आणतात?”

“आधी माझं लक्षच नव्हतं. तू आल्यावर वाटलं, तुझ्यासाठी.”

मी कपाळावर हात मारला. घरात तीन माणसं, तिघंही मराठी, आणि कुणाला कुणाचं काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या वाटेवर मी अप्पांना सरळच विचारलं. ते चालता चालता थांबले. जराही ओशाळले नाहीत. “डावीकडून तीन घेतों,” म्हणाले. “तीं परत दिलीं कीं पुढचीं तीन. तूं येण्याच्या आधींपासून. तेलुगूवाल्यांचें कपाट आहे, उर्दूवाल्यांचें आहे. आमचें गेलें तर ह्यांना वाटेल, ह्या गांवांत आमचे लोक नाहींतच.”

इतका जीव लावतात या पुस्तकांना, आणि आत काय आहे तेच माहीत नाही! मी म्हटलं, “आजपासून मी वाचून दाखवते.” ते लहान मुलासारखे खुलले. “सरि, सरि,” म्हणाले, म्हणजे बरं, बरं.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी एक गोष्ट वाचायला घेतली. दोन बहिणी आंब्याच्या झाडावरून भांडतात, साधीच. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. मी अगदी आवाज बदलून बदलून वाचलं. संपल्यावर विचारलं, “कसं वाटलं?”

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “तूं चांगलें वाचतेस, मा. पण हें आमचें नव्हे.”

“म्हणजे? शब्द कळले नाहीत का?”

“शब्द कळतात. पण असें आमच्यांत कोणी बोलत नाहीं. ही आमची भाषा नव्हे.” आणि ते उठून देवघराकडे गेले.

मी पुस्तक मांडीवर घेऊन तशीच बसले. मला त्यांची खूप दया आली आणि त्यांच्यावर रागही आला. इतकी वर्षं हा माणूस डावीकडून तीन, डावीकडून तीन करत ते कपाट जगवतोय, आणि ते उघडून दाखवलं तर म्हणतो, माझं नव्हे. आता ते कशाला जातील पुस्तकं आणायला? मी एकटीनं किती पुस्तकं नेली म्हणजे ते कपाट टिकेल?

त्यानंतर लवकरच मोठे साहेब आले. मी तेव्हा मराठीच्या कपाटाशीच होते, अप्पा पेपरच्या टेबलावर. साहेब एकेक कपाट बघत शेवटच्यापाशी आले, वाकले, एक पुस्तक उचलून उलटसुलट केलं. बाहेर जिन्यात पोरं वह्या घेऊन बसलेली त्यांना येतानाच दिसली असणार. “ही कुणाची भाषा?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं. आतापर्यंत तेवढं मला कळायला लागलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाशी खुर्ची सरकली.

अप्पा उभे राहिले होते. “आमची,” ते तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाले. “आमच्या घरची भाषा. मी नेतो ही पुस्तकं.” मग सावकाश चालत आले, खाली वाकले आणि डावीकडून तीन पुस्तकं काढून बाईंच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी मान डोलावली आणि पुढे गेले. कपाट राहिलं. मी तिथंच उभी राहून रडले, आणि कशासाठी ते मला धड सांगता येईना. अप्पा खोटं बोलले हे नक्की. पण त्या साहेबांशी बोलले, की त्या संध्याकाळी गोष्ट संपल्यावर माझ्याशी, ते मला अजूनही कळलेलं नाही.