मोर्चात नेलेलं सॅमनचं कालवण

ब्रिटिश कोलंबियात मत्स्यशेतीविरुद्धच्या मोर्चाला मी मत्स्यशेतीतल्याच सॅमनचं कालवण घेऊन गेले होते. कोकणातली बाई रिकाम्या हाताने जाते का कुठे? मासे पाळायच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांमधून माशांना लागणाऱ्या उवा पसरतात आणि जंगली सॅमनची पिल्लं मरतात, असं माझ्याच हातातल्या फलकावर लिहिलं होतं. पन्नाशीची शहाणी मी, तो न वाचताच मिरवत होते.

नदीकाठच्या एका आदिवासी आजींनी डबा उघडून विचारलं, "मासा कुठला?"

"ग्रोसरीतला. सेलवर होता," मी ऐटीत म्हणाले.

"म्हणजे पिंजऱ्यातलाच," म्हणत आजींनी माझ्या फलकाकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे मी फलक वाचला.

दुसऱ्या दिवशी तोच फलक घेऊन त्या दुकानाच्या दारात उभी राहिले. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, घरी जा." मी हलले नाही. आजी शेजारी येऊन म्हणाल्या, "कालवणाचा वास छान होता. पण आमच्या नदीत मासे परत येईपर्यंत तुला घरी सोडणार नाही."