एका शब्दानं हरलेला कॅचर

शारजाच्या विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली, ती चार किलो वांग्यांमुळे. भुसावळहून निघताना भरिताची हिरवी वांगी मी साड्यांमध्ये गुंडाळून घेतली होती. त्यातली दोन वाटेत फुटली आणि माझी एकुलती एक चांगली साडी कामातून गेली. अधिकाऱ्यानं एक वांगं उचलून उजेडात धरलं आणि हे काय, असं विचारलं. "भरीत," मी म्हणाले. घाईत मला तेवढंच सुचलं. तो माझ्याकडे आणि वांग्याकडे आळीपाळीनं बघत राहिला आणि "यल्ला, यल्ला" (चला, आटपा) म्हणत त्यानं मला बाहेर काढलं.

बाहेर विलासदादा उभा होता. माझा सख्खा थोरला भाऊ. सोळा वर्षं दुबईत इमारतींच्या कामाचं वेळापत्रक आखणारा इंजिनियर. दोन हजार नऊचा फेब्रुवारी, रविवार सकाळ. तिथे रविवार हा कामाचा दिवस, हे मला ठाऊक होतं. आणि दादा घरच्या चपला घालून आला होता.

घरी जाताना त्यानं एका टपरीसमोर गाडी लावून हॉर्न वाजवला. तिथे चहासाठी गाडीतून उतरायची पद्धत नाही. केरळी चहावाला काचेपाशी करक (आटवलेल्या दुधाचा, वेलदोडा घातलेला चहा) घेऊन आला आणि मला नमस्कार करायच्या आधीच दादाला म्हणाला, "इंजिनियर साब, वो खिलाडी मिला क्या?"

"नहीं भाई. इन्शाल्ला."

मग दादानं गाडीतल्या आरशामागे खोचलेली एक चिठ्ठी काढून मला दाखवली. दादाचा साहेब डॅन हा अमेरिकन. त्याला बेसबॉलचं वेड, आणि तेही जुन्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या खेळाडूंचं. रोज जेवणाच्या सुट्टीत तो एक कोडं घालायचा. चेंडू फेकण्याआधी खिशातल्या बेडकाचा सल्ला घेणारा पिचर कोण? एक दुभती गाय देऊन संघात घेतलेला आणि गाय आटल्यावर खेळ सोडून गेलेला कोण? उत्तर देणाऱ्यावर एकच बंधन होतं. खुर्चीवरून उठून, उभं राहून त्या खेळाडूचं पूर्ण नाव घ्यायचं. विसरलेल्या माणसाचं नाव बसल्या बसल्या घ्यायचं नाही, असं डॅनचं म्हणणं. दादा कॉलेजात असताना आमच्या गावात बेसबॉल खेळलेला, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं होतं.

नोव्हेंबरमध्ये डॅनची नोकरी गेली. आठ दिवसांत त्यानं घर आवरलं आणि जाताना दादाच्या टेबलावर हे शेवटचं कोडं ठेवलं. दादा तीन महिने उत्तर शोधत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुबई मरीना दाखवायला नेलं. पाण्याकाठी काचेचे मनोरे, त्यांच्या पायाशी पांढऱ्या बोटी, आणि सगळीकडे एक विचित्र शांतता. त्यानं बोट दाखवलं ती इमारत मधेच थांबली होती. माथ्यावरची क्रेन हलत नव्हती. मी मान वर करून मजले मोजायला गेले आणि चौतिसाव्यावर चुकले.

"तुझी?" मी विचारलं.

"होती. प्रोजेक्ट होल्डवर आहे. आणि मी तर खलास (संपलो). महिना झाला."

मी रस्त्यातच उभी राहिले. तो मात्र मला बोटींच्या किमती सांगू लागला, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

बुधवारी संध्याकाळी सगळे अजमानच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्र निळा आणि इतका शहाणा की लाट आवाज न करता यायची. तरी माझी एक चप्पल तिनं नेलीच. सुनीतावहिनी चटईच्या एका टोकाला, दादा दुसऱ्या. मधे मी, खबूस (भाजलेली जाड रोटी) आणि मासे. "मीठ दे" याच्यापलीकडे नवराबायकोत शब्द नव्हता. माझी चौदा वर्षांची भाची रिया मात्र बोलत होती. "आत्या, ही इज ऑब्सेस्ड. पूर्ण टेक्सास सर्च करून झालं, नाऊ ॲरिझोना."

"बघू ते कोडं," मी म्हणाले. विमानतळावरून येताना मी चहाकडे जास्त आणि चिठ्ठीकडे कमी लक्ष दिलं होतं. आता रियाकडून नीट वाचून घेतलं.

कोणता कॅचर एका शब्दानं अंतिम सामना हरला? त्याच्या गावाचं ऊन बदनाम होतं. प्रेक्षकांत माणसांपेक्षा जनावरं जास्त. हातातला ग्लोव्ह उसना. त्यानंतर तो कधीही खेळला नाही.

माझ्या हातातला घास खाली आला. दादाकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत म्हणाला, "गुरांचा मुलूख आहे, एवढं नक्की. पण नाव सापडत नाही."

माझ्यासारखी बाई गप्प बसली, यावरून काय ते ओळखावं.

गुरुवारी वहिनी स्वयंपाकघरात भांडी बांधत होत्या. रियाची परीक्षा झाली की सगळं गुंडाळून भारतात परतायचं ठरलं होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी हातातली कढई आपटली.

"ह्यांना तीन जणांतून एक नाव द्यायचं होतं, ताई. कुणाला काढायचं त्याचं. एकाची बायको सातव्या महिन्यात, दुसरा नुकताच आलेला. ह्यांनी स्वतःचं नाव लिहून दिलं. मला विचारलंसुद्धा नाही! लोक म्हणतात भला माणूस. मी म्हणते, वेडा. माझ्या पोरीची शाळा दिसली नाही ह्यांना?"

त्यांचं चुकलं असं मला म्हणवेना. मी कढई त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांना आमच्या गावातली गोष्ट सांगितली.

बेसबॉलमध्ये धावणारा शेवटच्या तळावर पोचायच्या आत कॅचरनं त्याला चेंडू लावायचा, की तो बाद. अंतिम सामना, शेवटचा गडी, कॅचर आमचा दादा. दादानं उसन्या ग्लोव्हमध्ये चेंडू पकडला, धुरळा उडाला, अंपायरनं बाद दिलं. आम्ही जिंकलो. पोरं नाचायला लागली. आणि दादा उठून अंपायरला म्हणाला, "नाही." चेंडू लागला नव्हता. विचारलं नव्हतं कुणी. धाव धरली गेली, बरोबरी झाली आणि पुढच्याच फटक्यावर आम्ही हरलो. संघ वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. मी दहा वर्षांची, मैदानाच्या भिंतीवर बसले होते. मीही चार दिवस बोलले नाही. घरातही तो विषय कुणी काढला नाही.

वहिनी बराच वेळ वर्तमानपत्राचा तोच कागद दुमडत राहिल्या. "वीस वर्षांत मला नाही सांगितलं. त्या डॅनला सांगितलं."

"ट्रॅफिकमध्ये सांगितलं असेल. शारजाचा जाम केवढा असतो, बघितला ना मी."

"आणि तीन महिने टेक्सास धुंडाळत बसले," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसले.

शुक्रवारी दुपारी जेवायला भरीत होतं. वाचलेली वांगी वहिनींनी गॅसवर भाजली होती आणि घरभर आमच्या गावचा वास भरला होता. माझं विमान संध्याकाळचं होतं. दादा पहिला घास घेऊन रियाला म्हणाला, "ॲरिझोनापण नाही गं. मे बी न्यू मेक्सिको."

वहिनी खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. मला वाटलं, भाकरी आणायला निघाल्या.

"विलास यशवंत पाटील," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नात एकदा घेतलं असेल तेवढंच. एरवी त्यांच्या तोंडी "अहो" आणि "हे". रिया आईकडे बघतच राहिली. दादाला आधी कळलंच नाही. "काय झालं?" असं विचारून तो थांबला. मग त्याची नजर टेबलावरच्या चिठ्ठीवर गेली, माझ्यावर आली.

"पण तो जुनेच खेळाडू विचारायचा," तो हळू म्हणाला.

"पपा, यू आर ओल्ड," रिया म्हणाली.

तो हसायला गेला आणि त्याला रडू आलं. वहिनी उभ्याच होत्या. "मला विचारायला हवं होतंत," त्या म्हणाल्या. "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, ते वेगळं." आणि त्यांनी त्याच्या ताटात भरीत वाढलं.

विमानतळावर दादानं माझी वांग्याच्या वासाची बॅग उचलून दिली. मी आत जायला वळले तेव्हा म्हणाला, "तू त्या दिवशी भिंतीवरून उतरून निघून गेली होतीस ना?"

"तू बघितलंस?"

"धुरळा खाली बसल्यावर पहिलं तेच बघितलं."

काचेपलीकडे गेल्यावर मागे वळून पाहिलं तर तो हात हलवत होता.

प्रवासातून माणूस खजूर आणतो, अत्तर आणतो. मीही आणलं, शेजारीपाजारी वाटलं. पण आल्यापासून एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटत होती. परवा बाजारातून येताना मी रिक्षा त्या मैदानापाशी थांबवली. भिंत अजून आहे, एका बाजूनं ढासळलेली. ऊन मरणाचं होतं. माणूस कुणी नव्हतं, दोन म्हशी तेवढ्या होत्या. पिशव्या खाली ठेवल्या, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि सरळ उभी राहून मी माझ्या भावाचं पूर्ण नाव घेतलं.