हरल्याचा एक मार्क

नांदेडला आमच्या लातूरच्या मुलींच्या संघाची मिक्स्ड मार्शल आर्ट्सची लढत होती. तीन विरुद्ध तीन. नियम सोपा होता, पण आमच्या काकांच्या काही तो गळी उतरला नाही. समोरचीला टॅप करायला लावलं, म्हणजे चटईवर हात आपटून हार कबूल करायला लावली, तर तीन गुण आणि हरणारीला भोपळा. वेळ संपेपर्यंत कोणीच हटलं नाही तर पंच ठरवणार. जिंकणारीला दोन, हरणारीला एक. बेरीज ज्यांची जास्त, ढाल त्यांची.

काकांनी मला मुरुडच्या तालमीत कुस्ती शिकवली. तिथे पाठ मातीला लागली की खेळ खलास. हरणाऱ्यालाही गुण मिळतो हे ऐकून ते म्हणाले होते, हा खेळ न्हाई, मार्क वाटायचा धंदा हाय.

आमच्या पहिल्या मुलीनं समोरचीला टॅप करायला लावलं. दुसरी शेवटपर्यंत लढून हरली. आमचे चार, नांदेडचे दोन, आणि उरले मी. माझ्यासमोरची माझ्याहून सरस होती, ते पहिल्याच झटापटीत कळलं. जिंकणं काही जमणार नव्हतं. पण टॅप केलं तर ढाल जाणार आणि तग धरला तर हरूनही ढाल आमचीच.

शेवटचा अख्खा राउंड मी पाठीवर होते. पायांनी तिची कंबर आवळून धरलेली. ती माझा हात पिरगाळायची, मी सोडवून घ्यायचे. बघणारे हसत होते. लाज वाटली का? सवयीनं वाटली, आणि त्या लाजेचाच मला संताप आला. खांदा निखळतोय असं वाटलं, तरी हात आपटला नाही. घंटा झाली. पंचांनी तिचा हात वर केला. त्यांचे चार, आमचे पाच.

गावात सत्कार ठेवला. फोटोच्या वेळी काकांनी जिंकलेल्या मुलीला मधे उभं केलं आणि मला म्हणाले, "तू मागं हो. पाठीवर पडलेली पुढं शोभत न्हाई."

"पडले काका, पण हात आपटला न्हाई. ही ढाल त्या एका मार्कावर आलीय. मी मागं व्हायची न्हाई."

ढाल उचलून मी मधेच उभी राहिले. जिंकलेली मुलगी हसून बाजूला सरकली आणि ढालीची दुसरी कड तिनं धरली. काका उठून बाहेर गेले. फोटोत ते नाहीत. घरी ते जिथे जेवायला बसतात, तिथल्या समोरच्या भिंतीवर तो फोटो मीच खिळा ठोकून लावलाय.