शर्यत चालू असताना सिमेंट

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि पोळ्या लाटून मनगट असं झालंय की अक्षर ओळीवर बसत नाही. हे कुणाच्या हाती लागलंच तर सांभाळून घ्या. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

राग टीव्हीवाल्यांचा आहे.

मी भाऊ-वहिनीजवळ कसब्यात राहते आणि सकाळी कर्वेनगरला पोळ्यांची कामं करते. भावाची मुलगी लांब पल्ल्याची शर्यत पळते. सरावासाठी ती वर्षानुवर्षं बाहेरच असते. यंदा तिची परदेशात, सगळ्या देशांच्या मोठ्या स्पर्धेत निवड झाली. भावाचे डोळे साखरेने नेलेत. मोबाइलमधलं त्याला काही दिसत नाही. मोठं असलं आणि अगदी जवळ बसला तर अजून दिसतं, पण तेही जाणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. तिला एकदा पळताना बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने आणखी काही मागितलेलं मला आठवत नाही. आणि घरातला टीव्ही तर कधीच मेलेला.

आमच्या आळीत बायकांची भिशी आहे. दर महिन्याला सगळ्या पैसे टाकतात, चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम. त्या महिन्यात चिठ्ठी खालच्या मजल्यावरच्या काकूंची निघाली. त्या सुपं-टोपल्या विणतात, बांबू भरायला त्यांना पैसे हवेच होते. मला मागायचा धीर झाला नाही, वहिनीच बोलली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि रक्कम माझ्या हातात ठेवली.

"तुमची पोरगी पळणार आहे. माझे बांबू कुठे पळत नाहीत," म्हणाल्या. "फेडा सावकाश."

टीव्ही आणला. मोठा, अर्धी भिंत झाकणारा. खेळाच्या चॅनेलांचे पैसे वेगळे भरले. क्रिकेट फुकट येतं का, असं मी विचारणार होते, पण राहिलं.

शर्यत दुपारी होती. आमच्याकडे कुणी मोठ्या कामाला निघालं की वहिनी औक्षण करते. पोरगी तिकडे, त्यामुळे वहिनीने ठरवलं की टीव्हीवर तोंड दिसलं की तिथेच ओवाळायचं. तिने ताट केलं, निरांजन लावलं. भाऊ स्टुलावर, टीव्हीला नाक लागेल इतका जवळ. काकू अर्धवट विणलेलं सूप घेऊन उंबऱ्यात बसल्या.

मुली रांगेत उभ्या होत्या. कॅमेरा एकेकीच्या तोंडावरून सरकत होता. एक उंच मुलगी आली, तिने हात हलवला. तिच्या पलीकडे आमच्या पोरीची निळी बाही दिसली. वहिनी ताट घेऊन पुढे झाली.

आणि सिमेंट आलं.

वहिनीचा हात थांबेपर्यंत अर्धं औक्षण सिमेंटच्या गोणीला होऊन गेलं होतं. मग वेलची आली. मग मोटार. मग काचेच्या टेबलामागे कोट घातलेले तिघे जण. त्यातला एक पूर्वी क्रिकेट खेळायचा म्हणे. तिकडे मुली पळत होत्या आणि हा इकडे सांगत होता की या प्रकारात आपल्याला संधी नाही. मग क्रिकेटवाल्यांची बस हॉटेलवर आल्याचं दाखवलं. बस थांबली, दार उघडलं, कुणीतरी बॅग घेऊन उतरलं. तेच पुन्हा सावकाश करून दाखवलं. बसमधून माणसं उतरताना मी रोज डेक्कनला फुकट बघते.

भाऊ सारखा विचारत होता, "आली का?" वहिनीने निरांजनात दोनदा तूप घातलं.

परत शर्यतीवर आले तेव्हा शेवटची फेरी चालू होती. तीही पुढच्या दोघींचीच. आमची पाचवी आली, पण ती पडद्याच्या कडेला कोपरापुरती दिसली. लगेच कोटवाला म्हणाला, भारताच्या पदरी निराशा. कोणाच्या पदरी, बाबा? आमच्यात कुणी निराश नव्हतं. पोरगी जन्मात एवढ्या वेगाने पळाली नव्हती, हे तिने फोनवर सांगितलं. टीव्हीवर कुणी सांगितलं नाही. तिच्या पायाकडे बघायला यांना वेळ नाही आणि निराश व्हायला मात्र पुढे.

भाऊ तसाच बसून होता. "कुणाला दिसली का गं?" त्याने विचारलं.

काकू सूप विणता विणता म्हणाल्या, "सिमेंटवाला दिसला, भाऊ. मजबूत आहे."

भाऊ हसला. मग उठून भिंत चाचपत आत गेला.

दुसऱ्या दिवशी कर्वेनगरच्या एका घरी साहेब पेपर वाचत होते. मी मोठा धीर करून म्हटलं की काल आमच्या भाचीची शर्यत होती, पण नीट दाखवलीच नाही. ते म्हणाले, "अहो मावशी, त्यात मेडल येणारच नव्हतं. दाखवून बघणार कोण?" मी पोळी उलटली. बघणारा माझ्या घरी स्टुलावर बसला होता, हे तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं.

महिन्याभराने पोरगी सुट्टीवर आली. आल्या आल्या तिने भावाला परातीसमोर बसवलं. त्याचं बोट धरून परातीच्या काठावरून फिरवायला लागली. "बाबा, हे मैदान. इथे मी मागे होते. इथे त्या उंच मुलीने मला खांदा मारला. इथे पोटात कळ आली. आणि आता बघा." आता तिने त्याचं बोट भरभर नेलं. मागे पडल्याची फेरी, दम लागल्याची फेरी, एकही गाळली नाही. भाऊ मध्येच म्हणायचा, थांब, ती उंच आता कुठे आहे? ती त्याचं बोट मागे नेऊन दाखवायची. पोळ्या करायच्या राहिल्या, परात तिच्याकडे होती.

संपल्यावर भावाने बोट चोळलं. मला म्हणाला, "आक्का, तो टीव्ही काढून टाक. मी बघितली शर्यत."

मंडईतल्या एका नारळवाल्याने तो घेतला. त्याला गाळ्यावर क्रिकेट हवं होतं. घेतला त्यापेक्षा कमीच आले, पण आले ते त्याच संध्याकाळी काकूंना दिले. पोरगी म्हणाली, उरलेले मी देते. मी नको म्हटलं. तिच्या बुटांनाच केवढे लागतात. पोळ्यांच्या पगारातून थोडे थोडे देत गेले, आणि परवा काकूंच्या हातात शेवटचे पैसे ठेवले. भिशीची ती सगळी रक्कम फिटली.